चार हजार दवाखान्यांचा परवाना

सौदा झाला असता, तर माझ्या दिराला पाच कोटी साठ लाख मिळणार होते. त्याच्या मेहुण्याला एक कोटी वीस लाख, बायकोला, म्हणजे माझ्या जावेला, ऐंशी लाख आणि मला चाळीस. माझा आकडा सर्वांत शेवटी आणि सर्वांत लहान, कारण कंपनी काढताना माझ्या नवऱ्याने जे पैसे घातले ते 'घरातलेच' धरले गेले होते, आणि घरातल्या पैशांचा हिस्सा ठरवताना माणूस जरा विसरभोळा होतो. नवरा गेल्यावर तो विसावा हिस्सा माझ्याकडे आला आणि हिशेबाचं टेबलही. तेव्हा मी पुढे जे सांगते आहे ते निःपक्षपाती आहे, असं कोणी समजू नये. चाळीस लाख हातचे गेलेल्या बाईने निःपक्षपाती राहणं म्हणजे ढोंग.

दिराने पैसे येण्याआधीच खर्चाला सुरुवात केली होती. तळ्याकाठी घर बघून झालं होतं. स्वयंपाकघराच्या फरशीचा रंग ठरत नव्हता म्हणून नवरा-बायकोत अबोला होऊन मिटलाही होता. आणि सर्वांत वाईट म्हणजे तो ऑफिसातल्या पोरांना सांगू लागला होता की, "पैसा महत्त्वाचा नसतो रे, समाधान महत्त्वाचं." माणसाला साडेपाच कोटी नजरेच्या टप्प्यात आले की त्याला हे वाक्य सुचतं. त्याआधी हाच माणूस चहाच्या कपांचं बिल दोनदा तपासायचा.

कंपनी दातांच्या डॉक्टरांसाठी प्रोग्राम बनवते. कोणत्या पेशंटला किती वाजता बोलवायचं, कोणाच्या कोणत्या दाढेचं काय केलं, बिल किती झालं, असं सगळं त्यात राहतं. आमचं ऑफिस टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. आत येताच समोर भिंतीवर लाल दिव्यांच्या आकड्यांचा एक बोर्ड आहे. त्यावर किती दवाखाने आमचा प्रोग्राम वापरतात ते दिसतं. त्या दिवसांत बोर्डावर चार हजार होते.

खरे पैसे भरणारे होते अकराशे. मला ठाऊक, कारण बिलं मीच पाठवते. बाकीचे कुठून आले? तर प्रोग्राम कोणत्याही संगणकावर चढवला की बोर्ड एकाने पुढे जाई. डॉक्टरने संगणक बदलला, एक वाढला. महिनाभर फुकट वापरून सोडून दिला, एक वाढला. दवाखाना बंद झाला, डॉक्टर वारला, तरी कमी मात्र कोणी होत नसे. एका डॉक्टरच्या संगणकावर दर पावसाळ्यात छत गळायचं; त्याला आम्ही सात वेळा मोजलं होतं. मी एकदा दिराला म्हटलं होतं, "भाऊजी, निदान मेलेले तरी वजा करा." तो म्हणाला, "वहिनी, आकडा एकदा खाली आला की लोकांचा विश्वास उडतो." कोणाचा विश्वास, हे त्याने सांगितलं नाही. तोच आकडा आमच्या वेबसाइटवर होता, जाहिरातीत होता आणि दिराच्या कार्डाच्या पाठीमागेही.

आणि मौज बघा, हा आकडा खपला. एक मोठी कंपनी दवाखान्यांचे छोटे छोटे प्रोग्राम विकत घेत सुटली होती. तिने किती जण पैसे देतात हे विचारलं, नाही असं नाही. पण भाव ठरवला तो 'जोडलेल्या' दवाखान्यांवर. एका दवाखान्याचे वीस हजार. आजकाल पैसे न देणारं गिऱ्हाईकही मालमत्तेत धरतात. आज ना उद्या ते देईल, या आशेची किंमत करतात. चार हजार गुणिले वीस हजार, आठ कोटी. दिराने हा गुणाकार माझ्याकडून तीन वेळा करून घेतला, जणू तिसऱ्या वेळी उत्तर वाढेल.

आता मधे आली ती चौकट.

ज्यांना या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्राम कोणी सगळा स्वतः लिहीत नाही. जगात काही माणसं त्याचे सुटे भाग लिहून उघड्यावर मांडून ठेवतात: घ्या, बघा, वापरा, पैसे नकोत. याला ओपन सोर्स म्हणतात. आमच्या प्रोग्रामच्या पहिल्याच पडद्यावर दिवसाचं वेळापत्रक दिसतं, रकान्यारकान्यांत पेशंटची नावं, आणि नाव बोटाने ओढून दुसऱ्या वेळेला नेता येतं. डॉक्टर लोक आमचा प्रोग्राम घेतात ते त्या ओढाओढीसाठी. ती वेळापत्रकाची चौकट आमची नव्हतीच. ती दुसऱ्या शहरातल्या एका बाईने लिहून फुकट मांडलेली होती, आणि आम्ही सहा वर्षं ती आपल्याच परसातल्या केळीसारखी कापून विकत होतो.

हा भाग आणला होता दिराच्या मेहुण्याने. तो आमचा मुख्य इंजिनीअर. ऑफिसात त्याला सगळे पाठीमागे 'सर्वज्ञ' म्हणतात आणि तोंडावर सर. सर्वज्ञाचा एक नियम होता आणि त्याचा त्याला अभिमान होता: सुट्या भागाची नवी आवृत्ती निघाली की ती आमच्या प्रोग्राममध्ये आपोआप यायची आणि सोमवारी सकाळी आपोआप सगळ्या दवाखान्यांत जायची. कोणी बघायचं नाही, कोणी वाचायचं नाही. "जग पुढे जातंय," तो म्हणायचा, "आपण वाचत बसलो तर मागे राहू." भाजीवाल्याकडून दोन जुड्या मेथी घेताना आपण पानं उलटून बघतो. पण फुकट आलेलं कोण उलटून बघतो?

त्या सोमवारी नवी चौकट सगळ्या दवाखान्यांत गेली, आणि तिच्या माथ्यावर एक पिवळी पट्टी उमटली: 'परवाना घेतलेला नाही.'

फोन नऊला सुरू झाले. पहिला मीच उचलला. एक डॉक्टरीणबाई होत्या.

"अहो, हे काय लावलंय तुम्ही? पडदा पेशंटच्या समोर असतो माझ्याकडे."

"दिसतंय हो. बघतो आम्ही."

"तुम्ही बघा निवांत. इथे खुर्चीतला माणूस तोंड उघडायला तयार नाही. म्हणतो, परवाना कधी काढताय ते सांगा, मग येतो."

दहापर्यंत असे साठ-सत्तर झाले. दिराने सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. सगळे म्हणजे तो, सर्वज्ञ आणि मी. जाऊबाई भागीदार आहे, पण ती फरशीच्या दुकानात होती.

सर्वज्ञाने तेव्हा पहिल्यांदा वाचलं. नव्या आवृत्तीपासून चौकट फुकट नाही. विकाऊ प्रोग्राममध्ये वापरायची तर दर दवाखान्यामागे वर्षाला नऊशे. हे त्या बाईने चार महिने आधी जाहीर केलं होतं, तिच्या पानावर सर्वांत वर, ठळक अक्षरांत.

"हा विश्वासघात आहे," सर्वज्ञ म्हणाला.

"कोणाचा?" मी विचारलं.

"सगळ्या ओपन सोर्स चळवळीचा. वहिनी, तुम्हाला नाही कळायचं. लोक एका भावनेने हे करतात. एकमेकांसाठी करतात."

"आपण त्या बाईसाठी काय केलं होतं रे?"

"आम्ही वापरत होतो ना."

जेवायला येणारा माणूस 'मी जेवत होतो ना' म्हणून उपकार दाखवू लागला की यजमानाने काय बोलायचं?

दिराला चळवळीशी कर्तव्य नव्हतं. "जुनी आवृत्ती परत लाव," तो म्हणाला. "ती फुकटच आहे ना अजून? मिटलं."

"आहे फुकट. पण दाजी, तिच्यात भोक आहे."

"कसलं भोक?"

"एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्याच्या पेशंटची नावं बघता येतात. जरा खटपट केली तर. ते तिने नव्या आवृत्तीत बुजवलंय. जगजाहीर आहे."

"मग तू बुजव जुन्यातलं."

सर्वज्ञाने खिडकीबाहेर बघितलं. "बुजवता येईल. पण तपासणीची यादी आलीय ना आपल्याकडे. ज्या भागात भोक जाहीर झालंय त्याची जुनी आवृत्ती चालणार नाही, आणि नवी असेल तर परवाना दाखवा, असं स्पष्ट लिहिलंय त्यात."

खरेदीदारांचा तपासनीस महिन्याभरात यायचा होता. म्हणजे जुनी ठेवावी तर सौदा अडतो, नवी ठेवावी तर पैसे लागतात.

"तिसरा रस्ता आहे," सर्वज्ञ म्हणाला. "मी स्वतः लिहितो चौकट. आहे काय त्यात? रेघा आणि नावं. आठ दिवस द्या."

आठाचे पंधरा झाले. पिवळी पट्टी तोवर त्याने कशीबशी झाकून ठेवली होती, म्हणजे न भरलेल्या पैशांवर पांघरूण घातलं होतं. हे कायद्यात कसं बसतं ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी काचेच्या खोलीत नवी चौकट दाखवायला घेतली. दिसायला देखणी होती, मी नाही म्हणणार नाही. दिराने एका पेशंटचं नाव ओढून बुधवारवरून गुरुवारी नेलं. गेलं. मग त्याने दाढेच्या मुळाचं मोठं काम घातलं, दीड तासाचं. पहिला तास गुरुवारी बसला आणि उरलेला अर्धा आदल्या दिवशी जाऊन बसला.

"हे काय?" दिराने विचारलं.

"तासाच्या पुढचं काम जरा मागे जातंय. किरकोळ आहे."

"म्हणजे डॉक्टरने अर्धं काम काल करून ठेवायचं?"

"दाजी, तिला सहा वर्षं लागली. मला पंधरा दिवस झालेत."

एवढं एकच वाक्य त्याच्या तोंडून त्या महिन्यात खरं निघालं, आणि त्याचा अर्थ त्याच्याच लक्षात आला नाही.

तेव्हा दीर म्हणाला, "त्या बाईला फोन लावा. मी बोलतो. माणसाला माणूस भेटला की सगळं होतं."

पडद्यावर बाई दिसली. चाळिशीच्या पुढची, केस आखूड, मागे एक मोठं कपाट आणि कपाटावर घडी केलेल्या चादरी. मला वाटलं होतं कोणी गरीब, भाबडी, सोसलेली असेल. तशी नव्हती. डोळे माझ्यासारखे होते, बेरीज करणारे.

दिराने गोड सुरुवात केली. "ताई, तुमचं काम म्हणजे काय बोलावं. आम्ही पहिल्यापासून तुमचे भक्त."

"माहीत आहे," बाई म्हणाली. "तुमच्याकडून तक्रारी बऱ्याच यायच्या. 'ताबडतोब दुरुस्त करा, आमचे चार हजार दवाखाने खोळंबलेत.' हे तुमचंच ना?"

सर्वज्ञाने वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

"मी तेव्हा विचारलं होतं," बाई पुढे म्हणाली, "की चार हजार दवाखाने आहेत तर महिन्याला थोडे पैसे पाठवता का. तर तुमच्या इंजिनीअरने कळवलं की हे काम आपण आनंदासाठी करता, त्यात पैसा आणू नये."

"तो जरा तत्त्वाचा माणूस आहे," दीर म्हणाला. "पण ताई, आम्ही छोटी माणसं. घरातली चार माणसं मिळून चालवतो. नऊशेचा दर आम्हाला झेपत नाही."

"नऊशे एका दवाखान्याला. तुम्ही डॉक्टरकडून वर्षाला किती घेता?"

दिराने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"बारा हजार," बाई स्वतःच म्हणाली. "तुमच्या वेबसाइटवर आहे. बारा हजारांतले नऊशे द्यायचेत. आणि आता मी एकटी नाही. व्यवहार बघायला एक जण ठेवलाय, त्यालाही पगार लागतो. आकडा तोच काढतो. प्रत्येक कंपनीने जगाला जी संख्या सांगितली आहे ती धरायची, असं आमचं धोरण आहे. तुमचे छत्तीस लाख होतात."

"छत्तीस? अहो, चार हजार हा आपला, जाहिरातीपुरता आकडा आहे."

"मग खरा किती?"

खालच्या दुकानात कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

"खरा जरा कमी आहे," दीर म्हणाला.

"कितीही असू द्या. तुम्ही लेखी द्या, तेवढ्याचे पैसे घेते. अकरा द्या म्हणालात तर अकराचे. परवान्यावर मात्र तो आकडा छापून येईल आणि त्याच्यावर एकही दवाखाना चालणार नाही. मला काय, मी तुमच्यावर विश्वास ठेवते."

फोन बंद झाल्यावर दिराने कॅल्क्युलेटर माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "वहिनी, हिशेब करा."

हिशेब सोपा होता. खरे अकराशे लिहून दिले, तर परवाना नऊ लाख नव्वद हजारांना. पण तो परवाना तपासनीस मागणार, आणि त्यावर अकराशे दिसले की त्याच्या आठ कोटींचे होणार दोन कोटी वीस लाख. दिराचा हिस्सा दीड कोटीच्या जरा वर. चार हजार लिहून दिले, तर छत्तीस लाख जातात, पण आठ कोटी शाबूत. सव्वीस लाख वाचवायचे तर पाच कोटी ऐंशी लाख घालवायचे. स्वतःच फुगवलेल्या फुग्याची हवा स्वतःच विकत घ्यायची वेळ आली होती.

मी म्हटलं, "भाऊजी, खरं सांगून टाका. दीड कोटी काही कमी नाहीत. माझेही अकरा येतील, मी कुरकुर करणार नाही."

"तळ्याकाठचं घर दीड कोटीत येत नाही, वहिनी."

"मग तळं जरा लांबून बघा."

"तुम्हाला थट्टा सुचतेय. अहो, हे गुंतवणूक समजायचं. छत्तीस घालायचे, साडेपाचशे काढायचे. आवळा देऊन कोहळा."

आवळ्याएवढे पैसे कंपनीत नव्हते. वर्षाकाठी आमचा नफा बावीस लाखांच्या आसपास. तेव्हा दिराने राहतं घर गहाण टाकायचं ठरवलं. जाऊबाई सही करायला आली तेव्हा पेन हातात धरून मला म्हणाली, "ताई, हे परत येतील ना?"

"भाऊजी म्हणतात येतील."

"ते म्हणतात हो. तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते, फरशीची ऑर्डर अजून देऊ नकोस."

तिने सही केली आणि संध्याकाळी फरशीची ऑर्डर दिली. आमच्या घराण्यात सल्ला घेतात तो ऐकायला नव्हे, घेतला होता असं नंतर सांगायला.

पैसे भरायला बाईशी मीच बोलले. पावतीचं सगळं झाल्यावर मी सहज विचारलं, "तुमच्या चौकटीत तुम्ही दुसऱ्यांचे फुकट भाग किती वापरलेत हो?"

"एकतीस."

"त्यांना काय देता?"

"आभार मानलेत. पानाच्या तळाशी सगळ्यांची नावं आहेत."

"छान," मी म्हटलं.

"बघू पुढे काहीतरी," ती म्हणाली. पुढे बघणाऱ्यांची मला चांगली ओळख आहे. आमचाच सर्वज्ञ तिच्या जागी असता तर त्यानेही नावं तळाशीच टाकली असती.

परवाना आला. चार हजार दवाखाने, आकड्यात आणि अक्षरांत. दिराने तो चौकटीत घालून भिंतीवर लावला, बोर्डाच्या शेजारी. आता दोन ठिकाणी तोच आकडा होता, आणि त्यांतला एक पैसे भरून खरा केलेला होता.

तपासनीस आला तो एका मंगळवारी. सडपातळ, मऊ बोलणारा, सतत मंद हसणारा. तीन दिवस तो आमच्यात बसला. यादीवर खुणा करत गेला. परवान्यापाशी आल्यावर त्याने आकडा बघितला, बोर्ड बघितला आणि हसला.

"जुळतंय," तो म्हणाला.

दिराने सुटकेचा श्वास सोडला तो मला टेबलाच्या पलीकडून ऐकू आला.

"पण खर्च मोठा आहे," तपासनीस म्हणाला. "छत्तीस लाख, तेही दर वर्षी. तुमच्या नफ्याहून जास्त. आम्ही कंपनी घेतली तर हा आमच्या अंगावर येणार. दुसरी एखादी चौकट नाही का मिळत?"

इथे गप्प बसणारा माणूस आठ कोटी घेऊन घरी गेला असता, निदान सात तरी. पण माझ्या दिराला खर्चाचं समर्थन करायचं होतं. आपण मूर्ख ठरू नये एवढीच त्याची त्या क्षणी इच्छा होती, आणि त्या इच्छेइतकी महाग वस्तू बाजारात दुसरी नाही.

"दुसरी?" तो खुर्चीत पुढे सरकला. "साहेब, या धंद्यात दुसरी नाहीच. आमच्या सरांनी स्वतः लिहून बघितली. पंधरा दिवस घातले, जमलं नाही, आणि हे साधे इंजिनीअर नव्हेत. तुम्ही दातांचा कोणताही प्रोग्राम उघडा, डोळ्यांचा उघडा, जनावरांच्या डॉक्टरांचा उघडा, आत हीच बाई बसलेली आहे. सगळ्यांना तिच्याकडे जावंच लागणार. आम्हीच बघा ना. एक फोन झाला, घासाघीससुद्धा नाही, छत्तीस लाख भरले."

"घासाघीस नाही?"

"करणार काय? तिच्याशिवाय पानच हलत नाही."

तपासनीसाने ते लिहून घेतलं. मी टेबलाखालून दिराच्या पायाला पाय लावला. त्याने पाय बाजूला घेऊन मला जागा करून दिली.

"किती कंपन्या असतील अशा?" तपासनीस हसत विचारत होता.

"दोनशे तरी," दीर म्हणाला. इथेही त्याने आकडा फुगवलाच. दुसऱ्याच्या मालाची जाहिरात करतानाही त्याला खरं सांगवेना.

त्यानंतर खरेदीदारांकडून काही आलं नाही. दीर रोज म्हणे, "मोठ्या कंपन्यांना वेळ लागतो." सर्वज्ञ म्हणे, "सह्यांसाठी अडलं असेल." तळ्याकाठच्या घराच्या मालकाने विसार मागितला, तो दिराने उसने घेऊन दिला. मग एक दिवस बातमी सगळ्या धंद्यात पसरली: त्या मोठ्या कंपनीने चौकटवाल्या बाईची अख्खी कंपनी विकत घेतली. दवाखान्यांचे प्रोग्राम एकेक करून विकत घेण्यापेक्षा, ज्याच्याशिवाय दवाखान्यांचं पान हलत नाही तेच घेतलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. हिशेबाला मी नावं ठेवणार नाही. त्यांना तो आमच्याच काचेच्या खोलीत कोणीतरी समजावून सांगितला होता.

दिराने तपासनीसाला फोन लावला. पलीकडून तो म्हणाला, "तुमच्याशी बोलून फार शिकायला मिळालं. खरंच. आभारी आहोत."

फोन ठेवून दीर मला म्हणाला, "वहिनी, बाईने आपल्याला फसवलं."

"बाईने?"

"तिनेच. ओपन सोर्स म्हणून भुलवलं आधी, आणि मग विकून मोकळी झाली. माणसाने इतकं पैशांच्या मागे लागू नये."

सर्वज्ञाने मान डोलावली. तो तेव्हा दुसरा एक फुकट भाग शोधत होता, कोणा कॉलेजातल्या मुलीने नुकताच मांडलेला. "फार छान लिहिलंय," तो म्हणाला, "आणि आपोआप अद्ययावत होतं."

मी नोकरी सोडली नाही. सोडून जाणार कुठे, आणि असा करमणुकीचा पगार कोण देणार? पण वर्ष संपलं तेव्हा मी माझ्यापुरती एक बेरीज करून बघितली.

खरेदीदारांचे पैसे गेले, पण त्यांना चौकट मिळाली आणि पुढच्या वर्षापासूनचा दर त्यांनी नऊशेचा पंधराशे करून टाकला, ते मोकळे. बाईला किती मिळाले ते कोणी सांगत नाही, पण आता तिच्या मागे कपाट दिसत नाही, समुद्र दिसतो. तिच्या एकतीस जणांची नावं पानाच्या तळाशी आहेत, अक्षर थोडं बारीक केलंय. सर्वज्ञाचे एक कोटी वीस लाख बुडाले, पण ते कधी त्याचे नव्हतेच. पगार चालू आहे. तळ्याकाठचा विसार बुडाला, तो ज्याच्याकडून उसना घेतला त्याने दिराकडे यायचं बंद केलं. ऑफिसातल्या पोरांची पगारवाढ त्या वर्षी झाली नाही. त्यांना समाधान महत्त्वाचं असतं हे आधीच सांगून ठेवलेलं होतं. घरावरचे छत्तीस लाख मात्र फेडायचे होते, आणि दिराने ते अकराशे डॉक्टरांच्या वर्षाच्या बिलात वाटून टाकले, प्रत्येकी तीन हजार तीनशे. वाटताना त्याने चार हजारांनी भाग दिला नाही. खऱ्या आकड्याची आठवण त्याला तेवढ्यापुरती झाली.

डॉक्टरांनी कुरकुर केली आणि तेही मोकळे झाले. मला हे कळलं ते माझी दाढ भरून घेताना. बिलात खाली एक ओळ जास्तीची होती: 'वेळ नोंदणी आकार, साठ.'

"हे काय?" मी डॉक्टरांना विचारलं.

"ते प्रोग्रामवाल्यांनी वाढवलंय हो," ते हात धूत म्हणाले. "आम्ही कुठून भरणार?"

बाहेर खुर्च्यांवर सात जण बसले होते. एका म्हाताऱ्याने गालाला रुमाल बांधला होता, एका बाईच्या मांडीवर पोर रडून झोपलं होतं. त्यांच्यातल्या कोणी चौकट पाहिली नव्हती, कोणी ती लिहिली नव्हती, विकली नव्हती, फुकट वापरली नव्हती आणि कोणाला तळं दिसणार नव्हतं. प्रत्येकी साठ त्यांनी भरले. साठ मीही भरले, आणि वर माझे चाळीस लाख.